पाहुणा धोंडा: देगलूर ते परभणी, कामाच्या नोंदी

एका शाळेच्या अंगणात परक्या मुलखातला मोठा दगड आणून बसवायचा असेल तर काय काय आडवं येतं, ते सगळं इथं आहे. खर्चाचे आकडे पावतीवरचे आहेत. चुका झाल्या त्या दिवशीच लिहून ठेवल्या होत्या, त्या तशाच ठेवल्यात.

१४ जानेवारी

येळवशीला (वेळ अमावास्येला) देगलूरला साडूंच्या शेतावर गेलो होतो. आंबिल-भज्जी झाल्यावर बांधाबांधानं फिरताना शेजारच्या रानात गुलाबी धोंडे दिसले. एकावर एक रचल्यासारखे. परभणीच्या माणसाला हा दगड बघायला मिळत नाही. आमच्याकडं विहीर खणा, रस्ता फोडा, ओढ्यात उतरा, सगळीकडं एकच काळा बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडं, हे लाव्हाचं पांघरूण संपतं आणि खालचा कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडतो.

तिथं उभं असताना नववीतल्या एका मुलीचा प्रश्न आठवला. हिमनदीचा धडा चालू होता. बर्फ डोंगरातून निघतो, वाटेतले धोंडे उचलतो, शेकडो किलोमीटरवर नेऊन टाकतो, एवढं सांगून झालं होतं. तिनं विचारलं, "सर, पण तो धोंडा तिथला नाही हे कळलं कसं?" मी उत्तर दिलं होतं, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं की ते पोचलं नाही. पुस्तकातल्या चित्रात सगळे दगड राखाडीच असतात.

म्हणून ठरवलं. काळ्या दगडाच्या गावात एक गुलाबी धोंडा आणून ठेवायचा. मुलांनी रोज त्याच्याजवळून जावं आणि तो इथला नाही हे त्यांना आपोआप दिसावं.

१७ जानेवारी

शेताचे मालक, त्यांना सगळे मामा म्हणतात, फोनवर लगेच तयार झाले. "एवढा धोंडा घिऊन काय करूलालाव गुरुजी? न्या, न्या. पेरताना तिफण अडतीय माझी." दगडाचे पैसे घेतले नाहीत. वजन विचारलं तर म्हणाले, पाच-सहा क्विंटल असंल. मी तेच धरून छोटा टेम्पो ठरवला आणि ५०० रुपये आगाऊ पाठवले. ही पहिली चूक.

२१ जानेवारी

वर्गात बर्फाचा प्रयोग. गावातल्या कोल्ड्रिंकवाल्यानं डीप फ्रीझरमध्ये जागा दिली. ट्रेमध्ये पाणी, वाळू आणि चार खडे टाकून गोठवायला ठेवलं. रात्री तीन तास लाइट गेली. सकाळी वर पातळ बर्फ, खाली पाणी.

२४ जानेवारी

पुन्हा केलं. बर्फाची वीट नीट जमली. शहाबादी फरशीच्या तुकड्यावर दाबून ओढली तर एकही ओरखडा नाही. बर्फाचा तळ वितळला की वाळू सुटते आणि पाण्यावर घरंगळते. निराशा झाली.

२६ जानेवारी

झेंडावंदन आटोपल्यावर तिसऱ्यांदा. यावेळी आधी ट्रेच्या तळाशी बोटभर वाळू आणि ती भिजेल एवढंच पाणी घालून गोठवलं, मग वरून पाणी भरून पूर्ण रात्र ठेवलं. वीट बाहेर काढल्याबरोबर, वर एक पक्की वीट ठेवून, एकाच दिशेनं फरशीवरून वीस वेळा ओढली. फरशी पुसली आणि उन्हात तिरपी धरली. बारीक, सरळ, एकमेकींना समांतर रेघा. मुलं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

शहाबादी फरशी मुद्दाम घेतली. ती चुनखडीची. बर्फ तिला ओरखडू शकत नाही. ओरखडते ती बर्फात घट्ट बसलेली वाळू. असंच काम खऱ्या हिमनदीनं आपल्या जवळच केलेलं आहे. हिंगोली-नांदेडच्या हद्दीवरून वाहणारी पैनगंगा पुढं चंद्रपूरकडं जाते. तिथं इरई गावाजवळ चुनखडीच्या खडकावर बर्फानं ओढलेल्या रेघा आहेत आणि त्यांच्यावर लहान-मोठ्या धोंड्यांचा थर आहे. फेडन नावाच्या भूवैज्ञानिकानं १८७५ मध्ये त्यावर लिहिलं. तो बर्फ सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा आपला भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. आमचा काळा दगड त्यानंतर खूप उशिरा आला.

उरलेली बर्फाची वीट उतरत्या फळीवर ठेवून दिली. दोन तासांनी फळीच्या टोकाला वाळू, खडे, चिखल असा एकच ढीग. एका पोरानं बरोबर टिपलं: गोदावरीच्या पात्रात वाळू एकीकडं आणि गोटे एकीकडं असतात, इथं सगळं एकात एक. नदी निवडून टाकते, बर्फ निवडत नाही. हे मी सांगायच्या आधी तो बोलला, त्या दिवशीचं सगळ्यात मोठं समाधान तेच.

३ फेब्रुवारी

देगलूर. टेप घेऊन गेलो. जमिनीवर दिसणारा धोंडा ४ फूट लांब, ३ फूट रुंद, २ फूट उंच. गोलसर दगडाला चौकोनी घनफळाच्या साधारण साठ टक्के धरायचं आणि ग्रॅनाइटच्या घनफुटाला ७५ किलो. म्हणजे १,०८० किलो. मामांच्या अंदाजाच्या दुप्पट. मग पहारीनं बुडाशी माती काढली, तर अजून एक फूट आत. हिशेब गेला १,६२० किलोवर.

छोटा टेम्पो रद्द. ५०० रुपये गेले. टेम्पोवाल्याचा दोष नाही, मी वजन चुकीचं सांगितलं होतं. दगड आधी उकरून बघा, मग मोजा, मग गाडी ठरवा.

५ फेब्रुवारी

कागद राहिला होता. स्वतःच्या शेतातला दगड मालक फुकट देतोय, त्याला परवानगी कशाला, असं वाटलं होतं. पण गाडीवर दगड घातला की वाटेत कोणीही विचारणार. शाळेचं पत्र, मामांचं संमतीपत्र, सातबारा आणि धोंड्याचे फोटो देऊन अर्ज केला. आठवडा गेला. अर्ज पहिल्या दिवशी केला असता तर हा आठवडा वाचला असता.

१३ फेब्रुवारी

धोंडा निघाला. आजची नोंद लांब आहे, कारण आज माणूस दगावला असता.

जेसीबी आला, तासाला १,२००, किमान दोन तास. चालकानं लोखंडी साखळी गुंडाळली. धोंडा दोन फूट वर आला आणि साखळी गोल अंगावरून सरकली. धोंडा धाडकन खाली, अर्धं अंग फिरून पडला. मामांचा मुलगा चार पावलांवर उभा होता. त्याच्या पायाशी ढेकळं उडाली. कोणी काही बोललं नाही. चालकानं मशीन बंद केलं, खाली उतरून पाणी प्याला.

गोल दगडाला साखळी चालत नाही. तिला धरायला धारच नसते. देगलूरच्या एका गॅरेजमधून दोन रुंद नायलॉन पट्टे भाड्यानं आणले (६००). एक आडवा, एक उभा, फुली मारून खालून घेतले. मग धोंडा पाळण्यासारखा उचलला गेला. उचलताना धोंड्याच्या जवळपास कोणी उभं राहायचं नाही, हा नियम त्यानंतर शेवटपर्यंत पाळला.

साखळीनं धोंड्यावर पांढरे ओरखडे उठले. चार बोटं लांब, तीन-चार जागी. मनाला लागलं.

नांदेडला माल टाकून परभणीकडं रिकामा चाललेला चार टनी टेम्पो साडूंनी गाठून दिला, ७,५०० रुपये. खाली जुने टायर, बाजूनं वाळूची पोती. वजनकाट्यावर धोंडा भरला १,५८० किलो. आमच्या हिशेबापेक्षा चाळीसच कमी. दीडशे किलोमीटरला साडेपाच तास लागले. गावातल्या जेसीबीनं (१,२००) रस्त्याकडेला उतरवून घेतला तेव्हा अंधार पडला होता.

टेम्पोत बसून मी कॅनडातल्या ओकोटोक्सच्या धोंड्याचा विचार करत होतो. सुमारे १६,५०० टन, आमच्या धोंड्याच्या दहा हजार पटींहून जास्त. जॅस्परकडच्या डोंगरात कडा कोसळून तो बर्फावर पडला आणि बर्फानं त्याला रॉकीच्या पायथ्यानं दक्षिणेकडं नेलं. बर्फाच्या पाठीवरून गेला म्हणून त्याच्या कडा झिजल्या नाहीत, अजून टोकदार आहेत. भोवती सपाट गवताळ माळ आणि मध्ये हा क्वार्टझाइट. त्या गावाचं नावच तिथल्या ब्लॅकफूट लोकांच्या 'खडक' या शब्दावरून पडलंय.

१८ फेब्रुवारी

रस्त्यापासून शाळेच्या अंगणातल्या जागेपर्यंत साठ मीटर. मला वाटलं सकाळी सुरू करू, जेवायला मोकळे. तीन इंची लोखंडी पाइप सहा, पहारी पाच, माणसं चौदा.

चार मीटर गेलो. पाइप काळ्या मातीत रुतले. शेजारच्या रानात गव्हाला पाणी सुटलेलं, त्याचा ओलावा आमच्या मैदानाखाली आलेला. वरून माती कोरडी दिसत होती, खाली लोण्यासारखी. दोन पाइप वाकले, तिसरा निघेना. जेसीबी आत आणला तर त्याचं पुढचं चाक बसलं. पाइपांचे ९०० रुपये भरून द्यावे लागले.

संध्याकाळी मुलांना सेंट पीटर्सबर्गच्या 'वज्रशिले'ची गोष्ट सांगितली. पीटर राजाच्या घोड्यावरच्या पुतळ्याखाली जो दगड आहे, तो फिनलंडच्या आखाताजवळ लाख्ताच्या दलदलीत रुतलेला ग्रॅनाइटचा धोंडा होता, बर्फानं आणून टाकलेला. सुमारे दीड हजार टन. १७६९-७० मध्ये चारशे माणसांनी तो कित्येक किलोमीटर ओढत समुद्रापर्यंत नेला. खाचा असलेल्या रुळांमध्ये धातूचे गोळे आणि त्यावर धोंडा. पण ओढायच्या आधी त्यांनी थंडीची वाट बघितली, कारण जमीन गोठून कडक झाल्याशिवाय दलदल भार पेलत नाही.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मग आपण उन्हाळ्याची वाट बघू की सर." अगदी बरोबर. त्यांची जमीन थंडीत दगड होते, आपली मे महिन्यात.

धोंडा रस्त्याकडेला राहिला. अडीच महिने.

११ मार्च

वाया जाणारा वेळ कामी लावला. मुलांना सांगितलं, गावातला आपला नसलेला प्रत्येक दगड शोधून आणा किंवा दाखवा. खूप काही आलं. फरशीचे तुकडे, देवळाच्या पायरीचा संगमरवर, रेल्वेरुळाकडची खडी (ती आपलीच, काळीच), गोदावरीच्या पात्रातले गारगोटीचे रंगीत खडे. बेसाल्टमधल्या पोकळ्यांत वाढलेले पांढरे स्फटिक तर निम्म्या वर्गानं परके म्हणून आणले. ते इथलेच. दगड फोडून आत बसलेला स्फटिक दाखवला तेव्हा पटलं.

एका मुलाच्या रानातले गोल गोटे बघायला सगळे गेलो. त्याचं म्हणणं, एवढे गोल म्हणजे वाहूनच आले असणार. गोट्यावर हातोडी मारली तर कांद्यासारखे पापुद्रे सुटले आणि आत तोच काळा दगड. शेजारच्या विहिरीच्या कडेला असेच गोटे अजून खडकात बसलेले दिसतात. ते जागेवरच कुजून गोल झालेत, कोणी आणले नाहीत. मामांच्या शेतातले धोंडेही असेच, तिथंच जन्मलेले.

धोंडा गोल आहे, मोठा आहे, एकटा आहे यावरून काहीच ठरत नाही. खालचा खडक कोणता, धोंडा कोणता, आणि तसला खडक जमिनीत जवळात जवळ कुठं आहे, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. महिनाभर मुलं तेच विचारत हिंडली. घरी पाटा-वरवंट्यालासुद्धा.

२ एप्रिल

रस्त्याकडेच्या धोंड्याजवळ एक आजी थांबलेल्या दिसल्या. भाजीची पिशवी खाली ठेवून त्यांनी धोंड्यावरून तळहात फिरवला. म्हणाल्या, "ह्यो तर आमच्या माहेराकडला हाय." देगलूरच्या पलीकडचं गाव त्यांचं. लग्न होऊन पन्नास वर्षं झाली. कोणी सांगितलं नव्हतं, पाटी नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्गात स्वित्झर्लंडच्या पेरोदांची गोष्ट सांगितली. डोंगरात शिकार करणारा माणूस. दऱ्यांतले परके धोंडे बर्फानंच आणले आणि बर्फ पूर्वी फार खालपर्यंत होता, असं त्यानं १८१५ मध्ये शार्पांतिए या खाणतज्ज्ञाला सांगितलं. शार्पांतिएला तेव्हा पटलं नाही. पुढं अभ्यास करून तो त्याच मताला आला, आणि १८३७ मध्ये लुई अगासीनं न्यूशातेलच्या सभेत हिमयुगाची कल्पना मांडली. दगडाला रोज हात लावणाऱ्या माणसाचं आधी ऐकून घ्यावं.

८ मे

पहाटे साडेपाचला सुरुवात. जमीन टणक, पण आता दुसरी अडचण: भेगा. तीन-तीन बोटं रुंद. पाइप भेगेत आडवा बसला की धोंडा अडायचा. बाभळीच्या जाड फळ्या (भाडं ४५०) खाली अंथरल्या, त्यावर पाइप, त्यावर धोंडा. पट्टा लावून जेसीबी हळू ओढणार, मागची फळी-पाइप सुटले की चौघांनी उचलून पुढं आणायचे. वळणावर पाइप पंख्यासारखे तिरपे लावायचे, हे दोनदा फसल्यावर कळलं. दोन तासांत साठ मीटर. जेसीबीचे २,४००.

दीड फूट खड्डा, त्यात मुरूम (१,४००), त्यावर धोंडा. सुट्टी असूनही तीस-बत्तीस मुलं आली होती.

१६ जून

शाळा उघडली. पाटी लावली (१,६००). पाटीवर मजकूर होता: "हिमनदीने वाहून आणलेला धोंडा कसा ओळखावा". चौथ्या दिवशी एका पालकानं विचारलं, परभणीला बर्फ कधी होता? त्यांनी पाटी जशी वाचायला हवी तशीच वाचली होती. त्याहून वाईट म्हणजे साखळीचे ओरखडे सातवीतली दोन मुलं पाहुण्यांना "बर्फाच्या रेघा" म्हणून दाखवत होती. शाळेत लावलेली पाटी खोटं शिकवत असेल तर ती एक दिवससुद्धा ठेवू नये. त्याच दुपारी काढली.

२२ जून

नवी पाटी (७००). "हा ग्रॅनाइट देगलूरचा. तो बर्फाने नाही, टेम्पोने आला. अंगावरचे पांढरे ओरखडे साखळीचे आहेत: आखूड, वेगवेगळ्या दिशांचे. बर्फाच्या रेघा लांब आणि समांतर असतात, शेजारची फरशी पाहा." २६ जानेवारीची फरशी शेजारी सिमेंटमध्ये बसवली. साखळीच्या चुकीचा निदान इतका उपयोग झाला.

१९ जुलै

धोंडा कलला. ओळंबा लावला तर माथा ७ सेंटिमीटर पूर्वेकडं. काळी माती पाणी प्याली की फुगते, सुकली की आकसते. दीड फुटाच्या मुरमाला ती जुमानत नाही. गावातल्या गवंड्यानं मे महिन्यातच सांगितलं होतं, "सर, पांढरी लागेपर्यंत खणा," म्हणजे काळी माती संपून खालचा मुरूम लागेपर्यंत. खर्च वाचवायला मी ऐकलं नव्हतं. भोवती दोरी बांधली, मुलांना चढायला बंदी. पावसाळाभर दुसरं काही करता आलं नाही.

२४ नोव्हेंबर

पाऊस संपून माती वाळल्यावर काम काढलं. पट्ट्यांनी धोंडा बाजूला, पाच फूट खोदल्यावर पिवळट मुरूम लागला. खाली डबर, वर मुरूम, प्रत्येक फुटाला पाणी मारून धुम्मस. चारी बाजूंना उतार, पाणी लांब जायला चर. सिमेंट घातलं नाही, धोंडा नुसता टेकलेला आहे. बर्फानं सोडलेला धोंडाही असाच टेकलेला असतो, ते दिसलं पाहिजे. जेसीबी २,४००, डबर-मुरूम ४,२००.

सगळा खर्च, वजनकाट्याचे १२० धरून, २६,३७०. शिक्षकांची वर्गणी आणि माजी विद्यार्थ्यांची मदत. त्यातले ५,९०० माझ्या चुकांचे: छोट्या टेम्पोचे ५००, पाइप ९००, मे महिन्यातला मुरूम १,४००, पहिल्या पाटीमुळं ७००, आणि धोंडा दुसऱ्यांदा बसवायला जेसीबी २,४००.

१५ डिसेंबर

ओळंबा सरळ. धोंड्याच्या बुडाशी चार बाजूंना खिळे ठोकून खुणा केल्यात. दर महिन्याच्या पंधरा तारखेला नववीतली दोन मुलं माप घेऊन वहीत लिहितात. खरी परीक्षा पुढच्या जुलैत.

मामांचा फोन होता. दुसरा धोंडा निघालाय, याच्याहून थोडा लहान. जवळपासच्या कोणत्या शाळेला हवा असेल तर पेरणीच्या आत न्या म्हणाले. पट्टे कुठं मिळतात ते मी सांगेन.